समजून घ्या : खाशाबा जाधवांना हेलसिंकीत अर्धा तास का मिळाला नाही?

१५ जानेवारी हा आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. म्हणजे झरी जामणीच्या शाळेतही तो पाळायचा आणि कोल्हापुरातही. फळ्यावर नाव लिहिलं जातं, खाशाबा दादासाहेब जाधव. खाली एक ओळ असते, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, १९५२. मुलं ती वहीत उतरवून घेतात. मधल्या सुट्टीत त्यातलीच दोन-चार जण कुणाच्या तरी फोनवर कुस्तीची गेम लावतात.

कुस्तीच्या या गेम नव्या नाहीत. १९८० आणि ९०च्या दशकात व्हिडीओ पार्लरमध्ये नाणं टाकून त्या खेळल्या जायच्या. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे जपानच्या टेक्नोस कंपनीने १९९१ मध्ये काढलेली रेसलफेस्ट. जुन्या गेम आता फोनवरही चालतात. त्या खेळायची एक रीत आहे. येता-जाता बटणं बडवणारा लवकर हरतो. जो समोरच्याला आधी दमवतो, पकड लागायच्या क्षणाची वाट बघतो आणि मगच जोर लावतो, तो जिंकतो. पडद्यावर प्रत्येक पैलवानाच्या नावाशी ताकदीची एक पट्टी असते. ती संपत आली की चांगला दावही लागत नाही. रेसलफेस्टमध्ये एक सोय होती, खेळता खेळता आणखी एक नाणं टाकलं की पट्टी पुन्हा भरायची.

खाशाबांची पकड पक्की होती आणि वेळ साधायची नजरही. त्यांची पट्टी मात्र २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत संपली होती. ती भरून निघण्यापुरता वेळ नियमानेच मिळायला हवा होता, पण तो मागायला त्यांच्या बाजूने तिथे कुणी नव्हतं. फळ्यावरच्या त्या एका ओळीत हे येत नाही.

गोळेश्वरचा पोरगा

कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या कराडला लागूनच गोळेश्वर हे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा इथे जन्मले. पाच भावांमध्ये सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. घरात कुस्ती हा छंद नव्हता, रोजचं काम होतं. पाचव्या वर्षी पोराच्या अंगाला आखाड्याची माती लागली. आठव्या वर्षी त्याने परिसरातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत आस्मान दाखवलं, असं गावात आजही सांगतात.

१९४० ते ४७ या काळात ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये होते. यशवंतराव चव्हाण शिकले तीच ही शाळा. सातारा जिल्ह्यात तेव्हा बेचाळीसची चळवळ आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार पेटलेलं होतं. भूमिगत कार्यकर्त्यांना लपायला जागा देणं, त्यांची पत्रं इकडून तिकडे पोचवणं अशी कामं खाशाबांनीही केली. तालमीतल्या पोरावर पोलिसांचा संशय कमी जातो, हे त्यामागचं गणित असावं.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिलेलं शहर. खासबागेचं मैदान, गल्लोगल्ली तालमी, खुराकाचा हिशेब ठेवणारे वस्ताद. कॉलेजात बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांचं मार्गदर्शन खाशाबांना मिळालं. अंगाने ते आडदांड नव्हते. कोल्हापुरी पैलवान म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो तसा भरलेला देह त्यांचा नव्हता. लहान चणीचे, पण चपळ आणि दमाचे. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडलं, ते यावरूनच.

त्यांचा हुकमी दाव ढाक. समोरच्याची मान आणि हात बगलेत घट्ट आवळायचा, अंगाला अंग भिडवून कमरेत वळायचं आणि त्या वळणातच त्याला उचलून पाठीवर आणायचं. हा दाव ताकदीपेक्षा वेळेवर चालतो. समोरचा पुढे रेटत असतानाच तो लागतो, कारण तेव्हा त्याचंच वजन आपल्या कामी येतं. अर्धा क्षण उशीर झाला तर तोच आपल्या पाठीवर बसतो. वजनी गट लहान असला की हा अर्धा क्षण आणखी लहान होतो, कारण सगळेच चपळ असतात.

माती आणि मॅट, फरक किती?

वरवर पाहता दोन्हीकडे कुस्तीच. पण गावच्या यात्रेतल्या फडावर कुस्ती लागते तेव्हा घड्याळाला फारशी किंमत नसते. निकाली कुस्ती म्हणजे चितपट होईपर्यंत कुस्ती. तासभर चालली तरी चालते, नाहीतर पंच बरोबरीत सोडवतात. माती पायाला धरून ठेवते, घामेजलेल्या अंगाला लावली की पकड घट्ट करते आणि पडल्यावर जपते.

मॅटवर हे सगळं बदलतं. पाय वेगळा सरकतो. अंग निसटतं. वर्तुळाची हद्द असते. त्या काळात ऑलिम्पिकची लढत १५ मिनिटांची होती आणि तेवढ्यात चितपट झाली नाही तर तीन पंच मिळून विजेता ठरवायचे. आजच्यासारखा क्षणाक्षणाला बदलणारा गुणफलक तेव्हा नव्हता. म्हणजे नुसतं चांगलं लढून भागायचं नाही. आपण चांगलं लढतोय हे पंचांना दिसेल असं लढावं लागायचं. मातीतल्या पैलवानाला ही सवय नसते. तो पंधरा मिनिटं समोरच्याला खेळवत ठेवील आणि सोळाव्या मिनिटाला दाव टाकील. मॅटवर सोळावं मिनिट येतच नाही.

खाशाबांना याचा पहिला अनुभव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आला. तिथे जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. मॅटवर लढण्याचा सराव जवळपास शून्य. आंतरराष्ट्रीय नियम तिथे गेल्यावरच नीट समजले. रीस गार्डनर या अमेरिकी माजी मल्लाने लंडनमध्ये त्यांना शिकवलं. इतक्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांचं चाललं नाही. शेवटी सहावा क्रमांक.

लंडनहून ते एक गोष्ट पक्की करून परतले. ताकद कमी पडलेली नव्हती, दावही कमी पडले नव्हते. कमी पडली ती खेळाच्या चौकटीची ओळख. पुढची चार वर्षं त्यांनी त्यावर खर्च केली आणि वजनी गटही बदलला. आता ते बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोच्या गटात उतरणार होते.

इथे विदर्भाचा एक संदर्भ द्यायला हवा. महाराष्ट्राचं ऑलिम्पिकशी नातं म्हटलं की सगळी चर्चा पश्चिम महाराष्ट्रात अडकते. पण यवतमाळला लागून असलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिकडे गेलं होतं आणि तिथे त्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. म्हणजे खाशाबा लंडनला जाण्याच्या १२ वर्षं आधी. ते प्रदर्शन होतं, स्पर्धा नव्हती. स्पर्धेत उतरायचं तर नियमांच्या पुस्तकाशी गाठ होती.

संघात नावच नव्हतं, मग हेलसिंकीला गेले कसे?

१९५२ च्या संघनिवडीत खाशाबांचं नाव मागे पडलं. मद्रासला झालेल्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्या एका गुणाने हेलसिंकीचा दरवाजा बंद होत होता. दुसरा कुणी असता तर हळहळून गप्प बसला असता. खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्रसिंग तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. त्यांनी चाचणीची कुस्ती पुन्हा लावली. समोर बंगालचा निरंजन दास. खाशाबांनी त्याला चीत केलं आणि जागा मिळवली.

या प्रसंगाकडे नुसतं जिद्दीची गोष्ट म्हणून पाहिलं तर अर्धं निसटतं. नियम आपल्या विरुद्ध वापरला जातोय हे ओळखणं, तो कुणाकडे गेला तर बदलू शकतो हे शोधणं आणि पुन्हा संधी मिळाली की ती पंचांच्या हाती न ठेवता चितपटीने संपवणं, ही तिन्ही कामं त्यांनी स्वतःच केली. त्यांच्यासोबत ना व्यवस्थापक होता ना वकील.

मग पैशांचा प्रश्न आला. आज ऑलिम्पिकला जाणाऱ्या खेळाडूचा विमानप्रवास, प्रशिक्षक, आहार हे सगळं सरकारी योजनेतून होतं. १९५२ मध्ये निवड झाली म्हणजे नाव यादीत आलं, एवढंच. प्रवासाचे पैसे ज्याचे त्याने उभे करायचे. सरकारदरबारी हेलपाटे घालून फारसं काही हाती लागलं नाही. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांत वर्गणी झाली. कुणी रोख दिली, कुणी वाण्याच्या दुकानातून शिधा दिला. तरी आकडा जमेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले.

ही रक्कम आज फोनच्या एका हप्त्याइतकी वाटेल. १९५२ मध्ये ती एका प्राध्यापकाचं घर होती. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर पणाला लावणाऱ्या या माणसाचं नाव मात्र क्रीडा दिनाच्या फळ्यावर नसतं.

हेलसिंकीत नक्की काय झालं?

हेलसिंकीच्या मेसुहाली या प्रदर्शन सभागृहात कुस्त्या झाल्या. त्या वेळच्या ऑलिम्पिक कुस्तीची गुणपद्धत आजच्या वाचकाला उलटी वाटेल. गुण जिंकायचे नसायचे, ते टाळायचे असायचे. चितपट जिंकला तर शून्य वजा गुण. पंचांच्या निर्णयाने जिंकला तरी एक वजा गुण. पंचांत मतभेद होऊन हरला तर दोन, एकमताने किंवा चितपट हरला तर तीन. पाच वजा गुण झाले की खेळाडू बाहेर. म्हणजे जिंकूनही शिक्षा, समोरच्याला चीत केलं नाही म्हणून. शेवटी तिघे उरले की त्यांच्या आपसातल्या लढतींवर पदकांचा क्रम ठरायचा.

नीट पाहिलं तर हा नियम मातीतल्या पैलवानासाठीच केल्यासारखा आहे. निकाली कुस्ती करणाऱ्याला चितपटीशिवाय दुसरं काही माहीतच नसतं. खाशाबांनी सुरुवात तशीच केली. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन चीत. मेक्सिकोचा लिओनार्डो बसुर्तो चीत. दोन लढती, वजा गुण शून्य. तिसऱ्या लढतीत जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ पंधरा मिनिटं टिकला, पण पंचांनी कौल खाशाबांच्या बाजूने दिला. शेवटच्या तिघांत त्यांचं नाव आलं.

उरलेले दोघे साधे नव्हते. जपानचा शोहाची इशी मुळात ज्युदोचा खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जपानमध्ये ज्युदोवर बंदी आणली आणि तो कुस्तीकडे वळला. म्हणजे त्याच्याकडेही परक्या खेळातून आलेली पकड होती, अगदी खाशाबांसारखीच. दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद मामदबेकोव्ह. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये उतरला होता आणि त्याची तयारी काय ताकदीची होती हे कुस्तीच्या गटात लगेच दिसलं.

इशीबरोबरची लढत पूर्ण वेळ चालली. दोघांनीही एकमेकांना पाठीवर जाऊ दिलं नाही. निर्णय पंचांकडे गेला आणि तो इशीच्या बाजूने लागला. पंधरा मिनिटं अशी झटापट केल्यावर माणसाची काय अवस्था होते हे तालमीत एकदा तरी जोर काढलेल्याला सांगायला नको. बोटं मिटत नाहीत. दंड भरून येतात. श्वास घशातच अडकतो.

आणि मग खाशाबांना सांगण्यात आलं की मामदबेकोव्हशी लढायला या. आता, लगेच.

दोन लढतींमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती असा नियम होता. तो मागायचा अधिकार खेळाडूच्या संघाचा. पण खाशाबांच्या बाजूने बोलायला त्या वेळी तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा एकटेच. परकी भाषा, परके पंच, दमलेलं अंग. ते मॅटवर गेले. मामदबेकोव्हने त्यांच्या थकव्याचा पुरता फायदा उठवला आणि लढत गुणांवर जिंकली. इशीला सुवर्ण, मामदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

अर्धा तास मिळाला असता तर निकाल बदलला असता का? ठामपणे हो म्हणता येणार नाही, मामदबेकोव्ह अव्वल मल्ल होता. पण ताज्या दमाच्या खाशाबांविरुद्ध तो उभा राहिलाच नाही, हे खरं आहे. कुस्तीत शेवटच्या पाच मिनिटांत दाव लागत नाहीत, दम लागतो. ढाकेसारखा दाव तर थकलेल्या अंगाने मारायचाच नसतो. कमरेतलं वळण अर्धवट राहिलं की समोरचा पाठीवर येतो. त्यामुळे शेवटच्या लढतीत खाशाबांचं सगळ्यात धारदार हत्यार म्यानातच राहिलं असणार.

आजच्या कुस्तीत मॅटच्या कोपऱ्यात खेळाडूचा प्रशिक्षक बसलेला असतो. पंचांचा निर्णय पटला नाही तर तो हातातला स्पंजचा ठोकळा मॅटवर फेकतो, लढत थांबते आणि व्हिडीओ पुन्हा पाहिला जातो. टीव्हीवर हे दृश्य गमतीचं वाटतं. २३ जुलै १९५२ च्या त्या सभागृहात खाशाबांचा कोपरा रिकामा होता, हे लक्षात घेतलं की त्या ठोकळ्याची किंमत कळते.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरकडचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, म्हणजे पदक एका पायरीने हुकलं. त्यांचं नाव आज कुस्तीच्या जाणकारांपलीकडे फारसं कुणाला माहीत नाही. चौथ्या क्रमांकाचं दुःख पुढे मिल्खासिंग आणि पी. टी. उषा यांच्यामुळे देशाला कळलं. माणगावे त्यांच्याही आधीचे.

पदकानंतर काय मिळालं?

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ ने हरवून सुवर्ण जिंकलं. बलबीरसिंग यांनी एकट्याने ५ गोल केले. कर्णधार होते के. डी. सिंग बाबू. एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन के. डी., आणि देशाने डोक्यावर घेतला तो हॉकीचा. साहजिकही होतं, हॉकीचं सुवर्ण ही तेव्हा भारताची ओळख होती. कांस्यपदकाची बातमी त्यामागे झाकली गेली.

कराडला मात्र ती झाकली गेली नाही. स्टेशनवर उतरलेल्या खाशाबांची मिरवणूक निघाली ती बैलगाड्यांची. १५१ बैलगाड्या होत्या असं सांगितलं जातं. ढोल-लेझीम, गुलाल, वाटेतल्या प्रत्येक वळणावर ओवाळणी. एरवी पंधरा मिनिटांत कापायचं अंतर पार करायला त्या दिवशी सात तास लागले.

मिरवणूक संपल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर कर्ज फेडायची तयारी. कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि आलेले पैसे खर्डीकर सरांच्या हाती दिले. घर सुटलं. ऑलिम्पिक पदक गळ्यात पडलेला माणूस घरी येऊन आधी फडावर उतरतो, तोही उधारी फेडायला. आजच्या खेळाडूला हे खरं वाटणार नाही.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धांत त्यांनी बक्षिसं मिळवली, खात्यातल्या पोरांना शिकवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिककडे त्यांचं लक्ष होतं, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते स्वप्न तिथेच थांबलं. तेव्हा वय होतं ३०. लहान वजनी गटातल्या मल्लाला तिशीत गुडघा गेला म्हणजे कारकीर्द गेली, कारण ताकदीने वेळ मारून नेण्याची सोय तिथे नसते.

सुमारे २७ वर्षं नोकरी करून ते सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशालदौडीत त्यांना मान मिळाला. सार्वजनिक ठिकाणी लोकांनी त्यांना पाहिलं ते जवळपास शेवटचंच. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. वय ५८. पुढची अनेक वर्षं घरच्यांचे दिवस ओढाताणीचे गेले.

मरणानंतरचे सन्मान

मान आला, पण रांगेत उभा राहिल्यासारखा सावकाश. शिवछत्रपती पुरस्कार १९९० च्या दशकात, अर्जुन पुरस्कार त्याहीनंतर, दोन्ही मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. तेव्हा खाशाबा हयात होते, नोकरीत होते, मुंबईतच होते. त्यानंतर २३ वर्षं ते जगले. पद्म सन्मानही हयातीत मिळाला नाही आणि तो मरणोत्तर मिळावा म्हणून कुटुंब वर्षानुवर्षं सरकारच्या दारात उभं राहिलं.

२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभ्या राहिलेल्या कुस्ती सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरला त्यांच्या नावाची कुस्ती अकादमी होणार असं जाहीर झालं, पण वर्षं गेली तरी ती उभी राहिना. २०१७ मध्ये कुटुंबाने सांगितलं की अकादमी होत नसेल तर पदकाचाच लिलाव करू आणि त्या पैशांतून ती उभी करू. एका ऑलिम्पिक पदकावर एवढी वेळ यावी यातच सगळं आलं. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीला, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र लावलं. त्या दिवशी देशातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा शोधलं. त्यानंतर राज्य सरकारने हा दिवस क्रीडा दिन केला. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनीही त्यांच्यावर मराठी चित्रपट हाती घेतला.

मधल्या वर्षांचा हिशेब असा. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नॉर्मन प्रिचर्डने धावण्यात दोन रौप्यं मिळवली होती, पण तो ब्रिटिश राजवटीचा काळ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक खाशाबांचं. दुसरं आलं ४४ वर्षांनी, १९९६ मध्ये अटलांटात, टेनिसपटू लिअँडर पेसचं. कुस्तीतलं दुसरं पदक ५६ वर्षांनी, २००८ मध्ये बीजिंगला सुशीलकुमारचं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक पुन्हा मिळायला ७२ वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात कांस्य जिंकलं. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलाच. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदक मिळताच राज्य सरकारने १ कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं आणि मध्य रेल्वेने त्याला बढती दिली.

खाशाबा त्याच जिल्ह्यात परतले तेव्हा त्यांच्यापुढे ७,००० रुपयांची उधारी होती, आणि खासबागेच्या शहरात पुन्हा लंगोट कसून ती त्यांनी स्वतःच फेडली.